जिन्यातला मासा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना हत्ती आहे, पण जंगल मी कधी पाहिलेलं नाही. माझा जन्म संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये झाला. आत लाकडी वासे, वर तारेची जाळी, त्यावर प्लास्टर आणि अंगभर हाताने कोरलेल्या सुरकुत्या. मला घडवणाऱ्या मूर्तिकाराची मुलगी त्याला बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. मुलीला सगळे पिटुकली म्हणत. तिला आई नव्हती. बाबा काम करत तेव्हा ती माझ्या पोटाखाली खेळे, तिथेच पेंगे.

"हत्तीण पिलाला वर्षानुवर्षं सोबत घेऊन हिंडते," बाबा तिला सांगत. "मीही हत्तीणच आहे असं समज."

दालनात मला उभं केलं तेव्हा मुलांची झुंबड उडाली. जमिनीवरचा सगळ्यात मोठा प्राणी म्हणून मी भरपूर भाव खाल्ला. पुढे रंग विटला, मागच्या पायाला तडा गेला. लोक माझ्या सुळ्यांना ओल्या छत्र्या अडकवू लागले.

पिटुकली मोठी होऊन मूर्तिकारच झाली. संग्रहालयाने तिला व्हेल शार्क घडवायला सांगितलं. हा जगातला सगळ्यात मोठा मासा. माझ्याहून कितीतरी लांब, माझ्याहून जड. त्याचा सांगाडा तयार झाला आणि लक्षात आलं, की आम्ही दोघं एका दालनात मावणार नाही.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई हळहळल्या, पण म्हणाल्या, "हत्तीचा पाय तसाही गेलाय. तो काढू या."

पिटुकली बाबांना माझ्यासमोर घेऊन आली. ते आता काठी टेकत चालत.

"बाबा, मी मासा जरा आखूड करते. कोणाला कळणार आहे?"

बाबांनी माझ्या तड्यावरून बोट फिरवलं. "मुलं हत्तीशेजारी मासा ताडून बघणार. त्यांना खोटं दाखवायचं? मासा मोठा आहे ना, मग मोठाच कर. हत्ती मोड."

"त्याच्याखाली मी लहानाची मोठी झाले, बाबा."

"झालीस ना मोठी? मग त्याचं काम झालं." बाबांनी तड्यावरचं बोट मात्र काढलं नाही. विषय बदलायला त्यांनी विचारलं, "तुझं हे धूड खातं तरी काय?"

"पाण्यातले बारीक जीव. पाणी तोंडात ओढायचं, जीव गाळून घ्यायचे, पाणी कल्ल्यांतून सोडून द्यायचं. कधी कधी तर खाताना तोंड वर करून पाण्यात उभाच राह..."

ती बोलता बोलता थांबली. दालनाबाहेर गोल जिना होता, मधली पोकळी थेट वरच्या मजल्यापर्यंत गेलेली. तिने बाबांचा हात धरला आणि त्यांना तिथे नेलं. दोघंही माना वर करून बघत राहिली.

"मावेल," बाबा म्हणाले.

आता मासा जिन्याच्या पोकळीत उभा टांगलेला आहे, पूर्ण लांबीचा. मी पायथ्याशी. माझा पाय दोघांनी मिळून नीट केला. बाबा खुर्चीत बसून सांगत, ती करी. माशाची पिलं जन्मल्यापासून एकटीच पोहतात हे कळल्यावर बाबा त्याची शेपटी हळूच थोपटून म्हणाले, "ये, आमच्यात राहा."

मुलं आधी माझी सोंड बघतात, मग शेपटीपासून जिना चढत जातात. तोंडापर्यंत पोहोचली की वरून ओरडतात, "हत्ती लहान आहे." खरंच आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मित्रांनो, तुम्हीही या. माझ्या पायावर लाथा मारू नका, माशाला लोंबकळू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खाली थांबवून ठेवू नका. जिन्याच्या प्रत्येक वळणावर पिटुकलीने बाक ठेवलं आहे. तिचे बाबा बसत बसत माशाच्या तोंडापर्यंत पोहोचले, तशी तुमची माणसंही पोहोचतील.