बिनगाठीचा टाका

मुरगूडच्या स्वप्नालीला सरावात दम लागायचा, तेव्हा तिच्या वडिलांना, जोतीरामना वाटायचं, पोरगी नीट खात नाही. कॉलेजच्या फुटबॉल संघात ती पुढच्या फळीत खेळायची. एके दिवशी मैदानातच तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कोल्हापुरात तपासण्या झाल्या. हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासूनचं भोक होतं, चांगलं मोठं.

डॉ. भाग्यश्री मगदूमला ते ऑपरेशन छातीचं हाड न कापता, उजव्या बरगड्यांमधल्या छोट्या फटीतून करायचं होतं. पोरगी लवकर पळायला लागली असती. अडचण गाठींची होती. तेवढ्या अरुंद जागेत लांब अवजारानं एकेक गाठ खाली ढकलायची म्हणजे वेळ जातो, आणि तोवर हृदय थांबवून रक्त यंत्रावर फिरवत ठेवावं लागतं. म्हणून आत शिरायला कापलेली हृदयाची बाहेरची भिंत शिवायला तिनं बारीक काट्यांचा, गाठ न लागणारा नवा दोरा निवडला.

"गाठच न्हाय म्हंता, मग सुटणार न्हाय व्हय?" जोतीरामनी विचारलं.

"गवतातलं कुसळ धोतरात घुसलं की पुढं सरकतं, मागं येतं का?"

"न्हाय की! फाडूनच काढाय लागतंय."

"तसाच हा दोरा."

जोतीराम म्हणाले, "घाला. पण पोरगी पळाय पायजे बघा."

भाग्यश्री कुरुंदवाडच्या जैन घरातली. घरात कांदासुद्धा येत नसे. ती आता आठवडाभर रोज मटणाच्या दुकानात जात होती, सरावाला बोकडाचं हृदय आणायला. दुकानदार पिशवी देताना हसायचा, "डॉक्टरीणबाई, तुमच्यात कधीपासनं चालतंय?" आईला मात्र तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं.

तिचे वरिष्ठ डॉ. उदयसिंह यांचा गाठीवर विश्वास. "ह्या हातांनी आयुष्यभर गाठी मारल्या," ते म्हणाले. "मी समोर उभा राहणार. मला पटलं नाही, तर साधा दोरा घ्यायचा."

ऑपरेशनच्या दिवशी भोकावर ठिगळ बसलं. आता भिंत. पहिले टाके सुरेख पडले. मग एक वाकडा गेला. भाग्यश्रीनं सवयीनं दोरा मागं ओढला. तो जागचा हलेना. जास्त ओढला असता तर भिंत फाटली असती. तिनं हात थांबवला.

"आता?" उदयसिंहांनी विचारलं.

"कापते, सर. थोडं मागून, चांगल्या टाक्यांवरून पुन्हा सुरू करते."

"कर."

तिनं दोरा कापला, नवा घेतला आणि शिवण शेवटाला नेली. हृदय भरलं, धडधडू लागलं. शिवणीवर सगळ्यांचे डोळे खिळले. सगळीकडं कोरडं होतं, फक्त एका कोपऱ्यात रक्ताचा थेंब फुगत होता. तिनं दाबून धरलं. थेंब पुन्हा आला.

"तिथं एक साधा टाका घाल," उदयसिंह हळू म्हणाले. "हट्ट कशाला?"

तिनं घातला. गाठ त्यांनी ढकलून बसवली. थेंब थांबला.

"बाकीचं तुझ्या दोऱ्यानं धरलंय," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मला शेजारी उभं करून शिकव."

भाग्यश्रीनं मान डोलावली आणि जखम बंद करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली नर्सच्या आधारानं वॉर्डात चालली. बरगडी दुखते म्हणून कुरकुरली, मग मिसळ मागितली. जोतीराम खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत राहिले.

पावसाळा सरल्यावर तिला पळायची परवानगी मिळाली. पहिल्याच सामन्याला भाग्यश्री उदयसिंहांना घेऊन गेली. स्वप्नालीनं गोल काही केला नाही. उलट अवकाळी पावसानं ओल्या झालेल्या मैदानात चेंडूमागं धावताना घसरून चिखलात पडली. भाग्यश्री ताडकन उठून उभी राहिली. तोवर पोरगी हसत उठली होती, आणि तशीच चिखलानं माखलेली पुन्हा धावत सुटली.