मयताचा डबा

मच्छिंद्रने पोत्यांमागून रॉकेलचा डबा ओढून काढला आणि दुकानदार बाबाजानच्या खांद्यावर हाणला. बाबाजान पायरीवरून कोसळला. रांग लावून ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या त्याच्या अंगाखाली फुटल्या.

“बघा, भरलेला डबा! आपल्या घरात अंधार, अन् ह्यो राकेल दडवतोय!” मच्छिंद्र ओरडला. चार-पाच जण लाथा घालायला पुढे सरसावले.

भांडण खरं तर लांबचं. तिकडे इस्रायल आणि त्याच्या शेजाऱ्यांची जुंपली, अरबांनी तेल आवळलं, आणि इथे त्र्याहत्तरच्या डिसेंबरात रेशनचं रॉकेल घरटी पाव लिटरवर आलं. तेवढंही गावाने सोसलं असतं. पण ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. काष्टीच्या बाजारात, पॅनेल उभं करणाऱ्या आप्पासाहेबांनी माईक हातात घेऊन सांगितलं, “तेल अरबांनी रोखलंय, आणि त्यांचे भाऊबंद आपल्याच गावात दुकान मांडून बसलेत.” बाबाजानने अरबस्तान नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. पण टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या की पुढाऱ्याचं बोलणं खरं ठरतं.

“ते मयताचं हाय,” बाबाजान म्हणाला. त्याच्या ओठातून रक्त येत होतं.

कोणी लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला हवं होतं ते सरपंच सहादेवने. गेल्या दुष्काळात गावातली वाळकी लाकडं संपली. ओली बाभळ सरणावर पेट घेईना. तेव्हा दर पिंपामागे एक डबा मयतासाठी बाजूला ठेव, असं त्यानेच बाबाजानला सांगितलं होतं, तेही तोंडी. दिवाळीत सहादेवच्याच आईचं सरण अशाच डब्यातल्या रॉकेलने पेटलं. एवढंच तो आता बोलला असता, तर बाबाजान सुटला असता.

“सरपंच, तुमाला ठाव हुतं का हे?” मच्छिंद्रने विचारलं. तो आप्पासाहेबांचा माणूस. पॅनेलमध्ये कोणाचं नाव राहणार आणि कोणाचं कटणार, ते त्याच्या शब्दावर ठरायचं.

“मला काय ठाव?” सहादेव म्हणाला.

“मग हाना तुमी. गावाला दिसू द्या.”

कोणीतरी काठी दिली. सहादेवने ती बाबाजानच्या पाठीवर नुसती टेकवली. माणसं हसली. बाबाजानने गयावया केल्यासारखं त्याचं धोतर धरलं आणि हळूच म्हणाला,

“सहादू, जोरात मार. न्हाई तर तुलाबी सोडायचे न्हाईत.”

 सहादेवने डोळे मिटले आणि काठी घातली. बाबाजानचं मनगट मोडल्याचा आवाज पलीकडे उभ्या बायकांनाही ऐकू गेला. त्यांतल्या छबूबाईने पदर तोंडात धरला. 

मच्छिंद्रने काठी घ्यायला हात पुढे केला.

“बास झालं, सरपंच. पटलं आमाला.”

बाबाजान खालून सहादेवकडेच बघत होता. त्या नजरेत राग नव्हता, आणि सहादेवला तेच सहन होईना.

त्याने काठी दिली नाही. डोळे उघडे ठेवून ती पुन्हा उचलली.