कडुबांनी लघवी सातावर आणली

वाळूजच्या एका कंपनीत कडुबा साळवे यांनी एकतीस वर्षं सांडपाणी सांभाळलं. टाक्यांमधून आंबट पाणी यायचं. कडुबा त्यात चुन्याची निवळी सोडायचे, कागदी पट्टी बुडवायचे आणि पट्टी हिरवी झाली, म्हणजे पीएच सातावर आला, की मगच नाल्याचा व्हॉल्व्ह उघडायचे. इतक्या वर्षांत एकदाही नोटीस आली नाही. ही गोष्ट बजाजनगरात बहुतेकांना ठाऊक होती, कारण कडुबांनीच ती सांगितलेली असायची.

रिटायर होताना उरलेल्या पट्ट्यांच्या दोन डब्या त्यांनी घरी आणल्या. बोअरचं पाणी, चहा, दही, बायको गोजरबाईंची आमटी, सगळं मोजून झालं. एका सकाळी मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी पट्टी स्वतःच्या लघवीत बुडवली. पट्टी पिवळट झाली.

"अगं, साडेपाच!" कडुबा मोरीतनंच ओरडले.

"साडेपाच कुठलं? सव्वासात झाले," गोजरबाई चुलीपाशी न वळता म्हणाल्या.

"पीएच म्हणतोय मी! आत ॲसिड भरलंय. कंपनीनं असं पाणी सोडलं असतं तर टाळं लागलं असतं."

चुना पिऊ नये एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी खायचा सोडा सुरू केला. सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा घेतला, पट्टी सहाच्या वर जाईना. मग दिवसाला सहा चमचे, शिगोशीग. नवव्या दिवशी पट्टी हिरवीगार झाली. ती वाळवून, खिशात घालून कडुबा बागेतल्या बाकावर गेले. एसटीतून रिटायर झालेले काकासाहेब आणि त्यांच्या सोबतचे चौघं तिथं रोज बसायचे. त्या सगळ्यांना कडुबांनी पट्ट्या वाटल्या, डोसही सांगितला.

तिसऱ्या आठवड्यात कडुबांचे पाय सुजले. एका दुपारी हातातला पेला सुटला आणि बोटं अशी वळली की सरळच होईनात. गोजरबाईंनी रिक्षा बोलावली.

डॉक्टर सोनिया मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. "काका, काय खाताय?"

कडुबांनी अभिमानानं सगळं सांगितलं. "लघवी सातावर आणलीय, मॅडम."

"कशाला आणलीत?" मॅडम म्हणाल्या. "तुमच्या कंपनीत प्लांट होता ना? शरीरातला प्लांट म्हणजे किडनी. आपण जे खातो त्यातून रोज ॲसिड बनतं. किडनी ते रक्तातनं काढून लघवीत टाकते आणि रक्ताला लागणारा सोडा परत आत ओढून घेते. रक्त जागेवर राहावं म्हणून लघवी आंबट होते. तुम्ही नाल्याचं पाणी गोड करायला टाकीत सोडा ओतत बसलात. आता रक्तातच सोडा मावेना, म्हणून बोटं वळली. पोटॅशियम खाली गेलंय, अंगात पाणी साठलंय."

कडुबांनी मॅडमच्या हातातल्या रिपोर्टाकडं पाहिलं. "म्हंजी साडेपाच बरोबर व्हतं?"

"एकदम बरोबर."

गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. रडायला की हसायला, ते कडुबांनी विचारलं नाही. एवढ्या नोकरीत एकही आकडा न चुकलेला माणूस पेन्शनीत चुकला होता, आणि तोही स्वतःच्याच पाण्यात.

चार दिवसांनी दवाखान्यातून सुट्टी मिळाली. घरी न जाता कडुबा थेट बागेत गेले.

"सोडा बंद करा," ते म्हणाले. "लघवी आंबटच पायजे. आपली किडनी लई हुशार हाय, आपणच येडे." मॅडमनी सांगितलेलं सगळं त्यांनी जसंच्या तसं परत सांगितलं.

काकासाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताची दोन बोटं किंचित आकडली होती. "कडुबा, दवाखान्यातनं आलायस, दमलायस. डाक्टर लोक असंच सांगत्यात. आमचा भरवसा तुझ्यावर हाय."

चौघांनी माना डोलावल्या.

कडुबांनी त्या बोटांकडं पाहिलं. खरं सांगून काही भागणार नव्हतं.

"तसं न्हाय," ते खाकरून म्हणाले, "मॅडमकडं पट्टीपेक्षा भारी मशीन आलंय. पॉइंटातला आकडा दावतंय. तुमचं सात खरं का नुसतं वरवरचं, ते कळंल."

काकासाहेब लगेच उठून चपला शोधू लागले. बाकीचे चौघंही मागं निघाले.