महूचा घोडा, दोन बिल्ले

शनिवारी अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळात बाळासाहेब बोलणार होते. विषय त्यांनीच दिला होता: ‘गोऱ्यांच्या रिसाल्यातले स्वार, माझे पणजोबा’. नाशिकहून मुलाकडे, यतीनकडे येताना पणजोबांचे दोन फोटो त्यांनी धोतराच्या घडीत ठेवून आणले होते. दोन्ही महूच्या छावणीतले, घोड्याचा लगाम धरून उभे.

घोळ फेट्यावरच्या बिल्ल्यांचा होता. १९०८च्या फोटोत एका रिसाल्याचा, १९११च्या फोटोत दुसऱ्याच रिसाल्याचा. आणि पहिला रिसाला १९१०मध्येच इंग्लंडला परतला होता.

“पणजोबा बोटीतून पळाले की काय?” यतीन म्हणाला.

“नोकऱ्या तू बदलतोस. त्यांची बदली झाली असेल.”

यतीनला ते पटेना. एका रिसाल्यातला स्वार दुसऱ्यात जातो, तोही त्याच गावात? गुरुवारी तो वडिलांना ब्रेडाला घेऊन गेला. तिथे योप नावाचे डच घोडदळातले निवृत्त अधिकारी लोकांना ब्रिटिश रिसाल्यांतले पूर्वज शोधून देत.

योप फोटो पाहून गोंधळले. “स्वार? पण या दोन्ही रिसाल्यांत स्वार सगळे गोरे. हिंदी स्वारांचे रिसाले वेगळे.”

“काय म्हणतायत?” बाळासाहेबांनी विचारलं. खरं तर योप बोलत होते ते इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं.

“बघतायत अजून,” यतीन म्हणाला.

योपनी भिंग घेतलं. पणजोबांना सोडून ते घोड्याकडेच पाहत राहिले. कपाळावर वाकडा चट्टा, मागचा डावा पाय पांढरा, कानाला खाच. दुसऱ्या फोटोतही तेच.

“घोडा एकच आहे. रिसाला मायदेशी निघाला की घोडे मागेच ठेवायचे. येणारा रिसाला ते घ्यायचा. आणि घोडे सांभाळणारी माणसंही.”

यतीन शब्द जुळवत बसला. बाळासाहेबच म्हणाले, “मोतद्दार होते म्हण की.”

परतीच्या वाटेवर युट्रेख्तजवळ गाड्या तुंबल्या तेव्हा यतीन म्हणाला, “मंडळाला कळवू? तब्येतीचं कारण सांगू.”

“तब्येतीला काय धाड भरलीय? पण मला एक कळत नाही. आमच्या आजोबांना हे ठाऊक होतं का? की त्यांनाही कुणी स्वार म्हणूनच सांगितलं?”

यतीनने गाडी थोडी पुढे घेतली.

शनिवारी बाळासाहेब उभे राहिले. “विषयात चूक आहे, ती माझी. पणजोबा स्वार नव्हते, मोतद्दार होते. गोऱ्यांच्या घोड्याला खरारा करायचे.” मग त्यांनी घोड्यांच्या हस्तांतराची सगळी हकीकत सांगितली.

टाळ्या पडल्या. अध्यक्ष हेमचंद्र आभाराला उठले. “रिसालदारांचे पणतू आपल्याला लाभले, हे भाग्यच.”

बाळासाहेबांनी यतीनकडे पाहिलं. मग पुन्हा माईक हातात घेतला. “हेमचंद्रराव, बसा जरा. परत सांगतो.”