पट्टीच्या अलीकडे

फीत गुलाबी होती, साटिनची, वाढदिवसाच्या खोक्याला बांधतात तशी. आणि ती उजव्या घोट्याच्या हाडावर दोन गाठी मारून बांधलेली होती. साटिन ओलं झालं की घसरतं... म्हणजे पाण्यातून बाहेर येईपर्यंत गाठ टाचेवर येणार, मग बुटात जाणार, मग घासणार. मृणाली कुंडलिकेच्या काठच्या थंड पायरीवर बसून त्या फितीकडे बघत होती. शेजारच्या पायावर – बाई कोण होती कुणास ठाऊक – काळा जाड पट्टा होता आणि पट्ट्यात नाण्याएवढी, वेळ नोंदणारी चकती. चिप. तिच्या पलीकडच्या पायावरही. त्याच्याही पलीकडे. पायरीवर ओळीने पाय मांडलेले, काळे पट्टे, काळे पट्टे, आणि मध्येच ही गुलाबी फीत, चुकून दुसऱ्या कपाटात गेलेल्या बाटलीच्या लेबलासारखी.

‘मॅडम, तुमचा पिनकोड रोह्याचा आहे ना,’ नोंदणीच्या टेबलामागची मुलगी म्हणाली होती, अर्ध्या तासापूर्वी, फार गोड आवाजात. ‘म्हणून सिस्टिमने तुम्हाला लोकलमध्ये घेतलंय. लोकल्सना एन्ट्री फ्री! तुमची फी परत येईल.’

‘मी फी परत मागितलेली नाही. मी खुल्या गटात नाव दिलंय. मला चिप द्या.’

‘लोकल गटाला टायमिंग नसतं मॅडम. पार्टिसिपेशन असतं. मेडल आहे, टी-शर्ट आहे, नाश्ता आहे. तुम्ही एंजॉय करा!’

एंजॉय करा. वर्षभर पहाटे उठून, धाटावच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून, कधी शिफ्टच्या आधी, कधी नंतर, याच नदीत हात मारत राहिलेल्या माणसाला सांगायचं, की एंजॉय कर. तिने चिडून काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात ती मुलगी टेबलाला वळसा घालून आली आणि चक्क गुडघ्यावर बसली, फीत घेऊन, मृणालीच्या पायाशी... आपल्या पायाशी वाकलेल्या माणसावर ओरडायचं कसं? ओरडता आलं नाही. पाय पुढे केला. कोणी केला? मीच केला. तिने ओढला नाही, मीच उचलून दिला, बांगड्या भरायला हात द्यावा तसा.

हेच आता सलत होतं. फितीपेक्षा जास्त.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी यूनुस सरांनी तिला पांढरा कोट दिला होता आणि एकच वाक्य सांगितलं होतं: ‘जे नोंदलं नाही, ते झालंच नाही.’ तुम्ही नमुना तपासलात, अगदी नीट तपासलात, पण नोंद नाही – तर तपासलाच नाही. तेव्हा तिला ते वाक्य कंपनीचं वाटलं होतं, तपासणीला येणाऱ्या साहेबांना घाबरून केलेलं. नंतर पटलं. मग इतकं पटलं की आवडायलाच लागलं. जगात आवाज फार आहे, पण नोंद ही एक स्वच्छ गोष्ट आहे, तिला तुमचं आडनाव कळत नाही, तुमचं गाव कळत नाही. मार्चमधल्या लांब अंतराच्या स्पर्धेत भाग घ्यायचा तर अशा छोट्या स्पर्धेतली नोंदलेली वेळ दाखवावी लागते, पावणेदोन तासांच्या आतली, एवढीच अट. इतकी सरळ अट तिने आयुष्यात दुसरी पाहिली नव्हती. पोहायचं, सायकल मारायची, पळायचं आणि आकडा दाखवायचा. आणि आता ती हे सगळं करणार होती आणि आकडा नसणार होता. रसायनं मोजताना एक कोरा नमुना ठेवतात, ब्लँक, ज्यात मोजण्यासारखं काहीच नसतं, पण तो बाकीच्यांसारखाच तापवतात, ढवळतात, गाळतात... आणि शेवटी वजा करतात.

शिट्टी वाजली.

पाणी गार होतं आणि राग पाण्यात विझत नाही, हे तिला पहिल्या वीस हातांतच कळलं. उलट राग श्वासात शिरतो. तीन हातांमागे श्वास घ्यायचा तिचा नेम, तो दोनवर आला, मग प्रत्येक हाताला तोंड वर, नाकात पाणी, कुणाची तरी टाच खांद्यावर... थांब. मोज. एक, दोन, तीन. उजवीकडे घाट, त्यावर माणसं, माणसांमध्ये हुमेराची पिवळी ओढणी. हुमेरा तिच्याच प्रयोगशाळेतली, रोह्याचीच, तिला पोहता येत नाही पण काठावरून ओरडता भरपूर येतं. सकाळी फीत पाहून ती म्हणाली होती, ‘अगो, ही तर बकऱ्याला बांधतात तशी वाटते.’ आणि मृणालीचं तोंड बघून लगेच, ‘नाय गो, मस्करी. पण तुज्या रागाचं टायमिंग घेतलं ना, तर पयला नंबर तुजाच.’

हसायला आलं नव्हतं. आता पाण्यात आलं, आणि हसल्याने पुन्हा नाकात पाणी गेलं. पण त्यानंतर हात लागले. हात लागले म्हणजे पाणी धरता येऊ लागलं, मागे ढकलता येऊ लागलं; नारिंगी फुग्याला वळसा घालताना तिने दोन काळे पट्टे मागे टाकले, आणि मनात म्हणाली – मनात नाही, पाण्यातच, बुडबुड्यांत – लिहा.

पायऱ्यांवर निळ्या रबराची पट्टी अंथरलेली होती. पुढची बाई तिच्यावरून पळाली तेव्हा टिंऽ असा आवाज झाला. मागच्या पुरुषाचा झाला, टिंऽ. मधल्या मृणालीचा झाला नाही. तिचे ओले पाय पट्टीवर पडले, फट् फट्, पाणी उडालं, पट्टीने तिला पाहिलंच नाही.

सायकलचा रस्ता कोलाडकडचा, धाटाववरून. हा रस्ता तिला पाठ होता. कुठे खडी सुटलेली, कुठे गतिरोधकाचा पांढरा रंग गेलेला, कुठे वडापावच्या गाडीपाशी कुत्रा झोपलेला असतो तेही. टाच घासायला लागली होती, म्हटल्याप्रमाणे. कंपन्यांच्या फाट्यापाशी शिफ्टची बस आडवी आली, तिच्या खिडकीतून कुणीतरी ओळखून ओरडलं, ‘ओ मॅडम! बस चुकली काय?’ आणि मागच्या खिडकीतून दुसरा, ‘हाणा हाणा, पंचिंग करायचं ऱ्हायलंय!’ सगळी बस हसली. ती पण हसली, दात दाखवून, वाऱ्यात. यांचं हसणं वेगळं. हे मला ओळखून हसतात. ती मुलगी मला न ओळखता गोड बोलत होती – यातलं अपमानाचं कोणतं? नाही, पण हेही तितकं सरळ नाही; पंचिंग राहिलं तर बसमधल्या माणसाचाही दिवस भरत नाही, त्याला ते माहीत आहे, म्हणून तर त्याला तो विनोद सुचला.

आणि मग, चढावर, पाय जड झाल्यावर, एकदम स्टूल आठवलं.

लाकडी, तीन पायांचं, रंगाचे थेंब पडून पडून ठिपकेदार झालेलं. पेणजवळच्या हमरापूरच्या घराचा पुढचा भाग म्हणजे गणपतीचा कारखाना. बाबा साचे काढायचे, काका रंग मारायचे, आणि डोळ्यांची आखणी आयची. फक्त आयची. सगळे रंग वाळले की आय त्या स्टुलावर बसायची, बारीक कुंचला घ्यायची, श्वास आत ओढून धरायची आणि बुबुळ काढायची, एका दमात. दम सुटेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. डोळे होईपर्यंत मूर्ती ही वस्तू, डोळे झाले की तिच्याकडे पाठ करून जेवायचंसुद्धा नाही. बाजारात मात्र गणपती पेणचा. डोळे पुतळीबाईचे, असं आयचं नाव घेऊन कुणी म्हटल्याचं मृणालीने ऐकलं नव्हतं. तिने स्वतःही कधी म्हटलं नव्हतं. म्हणायचं असतं हेच सुचलं नव्हतं.

ती दहावीत असताना एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. रंगवलेल्या मूर्ती हव्यात, पण आखणी नको, आखणी तो शहरात त्याच्या माणसाकडून करून घेणार. ‘आमच्याकडे डोळ्यांची स्टाइल वेगळी चालते,’ म्हणाला. बाबा तयार झाले. आयने काही वाद घातला नाही. तिने स्टूल उचललं, कारखान्याच्या दारात आडवं मांडलं आणि त्यावर बसली. ‘डोलं झाल्याबिगर एक पन गनपती हालनार नाय.’ टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, काका हसतायत, बाबा म्हणतायत, ‘पुतळे, येड्यासारखं करू नकोस, ऊठ,’ समोरच्या घरातली गिरजाबाई पदर तोंडाला लावून उभी. मृणालीला लाज वाटली होती. भयंकर लाज, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. कारण आय भांडत नव्हती, रडत नव्हती, नुसती दारात बसली होती, हातात कोरडा कुंचला.

आणि मूर्ती गेल्याच. मागच्या दाराने. बाबांनी आणि काकांनी एकेक करून भरल्या, टेम्पो वळसा घालून परसात आला होता. टेम्पो रस्त्याला लागला तरी आय स्टुलावरच. मृणाली जवळ जाऊन म्हणाली होती, ‘आय, गेला गो तो. ऊठ ना आता.’

‘मना दिसतंय,’ आय म्हणाली. आणि उठली नाही.

का उठली नाही? हे तिने कधी विचारलं नव्हतं. दाराची राखण संपली होती, राखायचं काही उरलं नव्हतं, मग ती कुणासाठी... समोरून उतार आला, सायकल सुटली, विचार तुटला.

पळण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पळणं म्हणजे टाच होती. प्रत्येक पावलाला ओलं साटिन आणि सोललेली कातडी, आणि वर रोह्याचं ऊन, आणि फुटपाथवरून ‘पळ पोरी, पळ!’ म्हणणारा कुणी म्हातारा. फीत तोडून टाकता आली असती. तिने तोडली नाही. पुरावा आहे, असं तिला वाटलं, आणि कशाचा, हे ठरवायला दम नव्हता.

मग कमान दिसली. कमानीवर मोठं घड्याळ, लाल आकडे पळणारे, खाली निळी पट्टी. घड्याळ पावणेदोन तासांच्या अलीकडे होतं. चांगलंच अलीकडे. तिने आकडा पाहिला आणि छातीत काहीतरी इतकं मोठं उसळलं की तिला वाटलं आपण ओरडलो. ओरडला होता माइकवाला. ‘आणि या येतायत आपल्या लोकल ताई! वा! वा! जोरदार टाळ्या आपल्या लोकल ताईंसाठी!’

टाळ्या झाल्या.

पट्टी चार पावलांवर होती. तीन. दोन. आणि पाय थांबले. तिने थांबवले असं म्हणता येणार नाही, कदाचित म्हणता येईल. पायांनी आज एकदा तिला न विचारता फितीसाठी पाऊल पुढे केलं होतं, त्याची त्यांनी परतफेड केली. ती पट्टीच्या अलीकडे उभी राहिली, एक पाऊल अलीकडे.

‘या ताई, या! संपलं, या!’ टोपीवाले आयोजक हातात मेडल घेऊन हसत पुढे आले.

‘माझी वेळ लिहा,’ ती म्हणाली. ‘मग येते.’

‘अहो, तुम्हाला चिप नाहीये.’

‘वर घड्याळ आहे. तुम्हाला दिसतंय. मलाही दिसतंय. कागदावर लिहा, सही करा.’

‘ताई, लोकल गटात तसं नसतं. तुम्ही एवढं छान केलंत, आता कशाला—’

‘मी लोकल गटात नाव दिलेलं नाही.’

टिंऽ. तिच्या खांद्याला घासून एक पुरुष गेला. टिंऽ, एक बाई. घड्याळ पळत होतं. आणि तेव्हा तिला लख्ख कळलं की ती जी वेळ मागते आहे ती तिच्याच उभं राहण्याने नासते आहे. प्रत्येक क्षणाला आकडा वाईट होत चालला आहे, आणि असंच उभं राहिलं तर पावणेदोन तासांची रेघही निघून जाईल. एक पाऊल. टाकलं तर चांगली वेळ, नोंद नसलेली. नाही टाकलं तर वाईट वेळ... नोंद कदाचित तरीही नसलेली. यूनुस सर, यातलं काय झालं आणि काय झालंच नाही?

‘मृणाली!’ कठड्यामागून हुमेरा ओरडली. ‘अगो येडे, घड्याळ बघ! ये ना आत!’

‘दिसतंय मला,’ ती म्हणाली.

तोंडून निघालं आणि मग तिने ते ऐकलं. हेच वाक्य. आता तिला कळलं की त्या दिवशी आय टेम्पो अडवायला बसली नव्हती, निदान टेम्पो गेल्यानंतर तरी नाही. मग कशाला, याचं उत्तर अजून येत नव्हतं. येईल असंही नव्हतं. पण ते स्टूल कसं असेल हे तिला आता मांड्यांत कळत होतं, त्याचे तीन पाय, त्याचा टणकपणा, त्याच्यावर बसल्यावर गल्लीतलं हसणं किती लांबून येत असेल ते. सकाळपासून श्वासात भरलेला राग होता तिथेच होता, कमी झाला नव्हता, फक्त उसळायचा थांबला होता. पाणी ढवळणं थांबवलं की गाळ खाली बसतो आणि मग तळ दिसतो, तसा.

आयोजक वळून कुणाशी तरी बोलत होते, टेबलाकडे हात करत होते. पेन मागत होते की माणूस बोलावत होते, कळत नव्हतं. फीत टाचेवर लोंबत होती. तिने वाकून ती नीट केली नाही, वर घड्याळाकडेही पाहिलं नाही. तिने श्वास आत ओढला आणि धरून ठेवला, बारीक रेघ ओढायच्या आधी धरतात तसा.