उलटे हेडफोन

आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत अरुंधतीबाई सकाळी दहाच्या आत तोंडातून शब्द काढत नसत. नवऱ्याशी नाही, दूधवाल्याशी नाही, आणि लोणावळ्याच्या ज्या कॉलेजात त्या ध्वनिमुद्रण शिकवत, तिथल्या नऊच्या तासालाही नाही. प्राचार्य आधी कुरकुरले, मग निकाल पाहून गप्प बसले. बाई फळ्यावर लिहीत, खुणा करत; त्यांनी लावलेलं रेकॉर्डिंग मुलं कान देऊन ऐकत. ध्वनीच्या वर्गात दुसरं करायचं तरी काय असतं! पोरांनी त्यांना ‘म्यूट मॅडम’ असं नाव ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

वर्गात कामशेतची फलक नावाची मुलगी होती. तिचे अब्बा, अब्दुलभाई, चिक्कीच्या कारखान्यात गुळाचा पाक काढायचे. पोरगी कामाला वाघ. पण तिचं प्रत्येक रेकॉर्डिंग उजवीकडे कलंडलेलं. तबला असो नाहीतर भजन, उजव्या बाजूचा आवाज उगाच मोठा. बाई दर वेळी तिच्या वहीत लाल शाईनं लिहीत, ‘उजवी बाजू जड. आळस नको.’

श्रावणातल्या एका सकाळी बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘डोळे मिटा. आवाज येईल तिकडे बोट दाखवा.’ मग अनवाणी पायांनी त्या बाकांमधून फिरू लागल्या, मध्येच कुठेतरी टिचकी वाजवू लागल्या. एक टिचकी त्यांनी फलकच्या उजव्या कानाशी वाजवली. सगळ्या वर्गाची बोटं तिकडे वळली. फलकचं बोट मात्र डावीकडे, खिडकीकडे!

बाईंना ती लाल शाई आठवली.

दहा वाजले तशा त्या फलकला व्हरांड्यात घेऊन गेल्या. “कधीपासून गं?”

“लहानपणी गालगुंड झालं होतं, मॅडम. तेव्हापासून उजवा कान नावालाच आहे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“बहिरीला रेकॉर्डिंगला कोण घेणार?” फलकचे डोळे भरले. “मॅडम, कुणाला सांगू नका. तुम्हाला तुमच्या देवाची शपथ.”

“माझा देव तुझंही ऐकतो, त्याला कशाला मध्ये घालतेस? नाही सांगणार.” बाईंनी तिच्या गळ्यातले हेडफोन हातात घेतले. “एक कान चांगला आहे ना? मग दोन्ही बाजू त्यालाच ऐकव. सरळ घालून डावी बाजू ऐक, उलटे घालून उजवी. सासू-सुनेचं भांडण एकाच पंचापुढे आलं, की निवाडा सारखा होतो.”

फलक रडता रडता हसली. त्या दिवसापासून तिची कामं हळूहळू सरळ उभी राहू लागली.

आश्विनात शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. पुण्याहून राजेंद्रसर परीक्षक म्हणून आले, आणि फलकचा नंबर लागला साडेनऊला. तिनं अब्बांचा पाक रेकॉर्ड करून आणला होता. “पाक डोळ्यानं कळत न्हाई, पोरी,” अब्बा तिला म्हणाले होते, “थेंब गार पाण्यात टाकायचा, अन् घट झाला की वाटीच्या काठावर आपटायचा. टण्ण वाजला की कढई उतरव.”

फलकनं डावी बाजू ऐकली, हेडफोन काढले आणि उलटे घातले.

राजेंद्रसर हसले. “अगं, डावंउजवं कळत नाही तुला? शेवटच्या वर्षाला आहेस ना?” आणि त्यांनी गुणपत्रिका पुढे ओढून पेन उघडलं.

बाईंनी घड्याळ पाहिलं. दहाला वीस कमी. फलकचं गुपित सांगायचं नाही, हा दिलेला शब्द. बोलायचंच नाही, हे व्रत. पण आपण गप्प राहिलो, तर त्या पेनातून पुन्हा तीच लाल शाई उतरणार.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

खोलीतल्या सगळ्या मुलांनी श्वास रोखला. सरांचं पेन हवेतच राहिलं. बाई पुढे काहीच बोलल्या नाहीत. पण मॅडमनी आपल्यासाठी काय मोडलं आणि काय मोडलं नाही, ते फलकला उमगलं.

ती उभी राहिली. “सर, मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. म्हणून दोन्ही बाजू डाव्याच कानानं तपासते. तुम्ही ऐकून बघा. पाक कधी झाला, तेवढं सांगा.”

सरांनी हेडफोन घातले, डोळे मिटले. “हा कच्चा... हाही कच्चा... हां! हा झाला!”

“व्हय!” फलकच्या तोंडून गावचं निघून गेलं. सगळे हसले.

सरांनी हेडफोन उलटे घालून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग म्हणाले, “दोन्ही बाजू तोलून मापून आहेत. बस खाली. पुण्याला गेलो की माझ्या पोरांनाही हे उलटं घालायला लावतो.”

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना बाई पुटपुटल्या, “एक शब्द सांडला रे आज. उद्या बारापर्यंत.”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेवढंच होतं: ‘आज बारापर्यंत.’

“एका शब्दाला दोन तास, मॅडम?” मागून आकाश ओरडला. “व्याज फार आहे तुमच्या देवाचं!”

बाई आवाज न करता हसल्या. फलक आता उजव्या भिंतीला टेकून बसली होती. सगळा वर्ग तिच्या चांगल्या कानाकडे. बाईंनी तिची जुनी वही मागून घेतली, आणि एकेक पान उलटत प्रत्येक ‘आळस नको’वर रेघ मारली. ‘उजवी बाजू जड’ मात्र तसंच ठेवलं. ते खरंच होतं.