तिसऱ्या वाडीचं पाणी

क्लारा तुस्कानोला राग यायला फार काही लागत नाही, हे विरारजवळच्या नंदाखालमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पाव जरा चिवट निघाला तरी बेकरीवाल्याची खैर नसते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. गावातली अर्धी माणसं तिला अजून 'टीचर' म्हणतात आणि ती समोर आली की नकळत सरळ उभी राहतात. पण त्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून घरी आल्यावर तिची भाची ब्रिटनी मोबाइल नाचवत आली, तेव्हा क्लाराचा जो पारा चढला तो बेकरीवाल्यानेही कधी पाहिला नसेल.

"आत्या, तुझा गेम यूट्यूबवर आलाय! पण तो मुलगा म्हणतोय त्यात बग आहे. बग म्हणजे..."

"बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, ते मला तू जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. कुठला बग, ते बोल."

आता निवृत्त गणित टीचर आणि कॉम्प्युटरचा गेम यांचा संबंध काय, ते सांगायला हवं. क्लाराचे बाबा एके काळी बहारीनला नोकरीला होते. सुट्टीवर येताना इतरांचे बाबा टेपरेकॉर्डर आणि अत्तरं आणत. हिच्या बाबांनी एक घरगुती कॉम्प्युटर आणला. कॉम्प्युटर कसला, रबरी बटणांची चपटी पेटी, जेवणाच्या ताटाएवढी. ती टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, मग कॅसेट मांजरं भांडल्यासारखी किंचाळायची आणि नशीब बरं असेल तर पडद्यावर खेळ उमटायचा. सगळे खेळ एकाच जातीचे. तुम्ही कुणाला तरी मारा, नाहीतर कुणीतरी तुम्हाला मारील. तेव्हा कॉलेजात असलेल्या क्लाराला त्यांचा लवकरच वीट आला आणि तिने स्वतःचा खेळ लिहायला घेतला.

विषय घरामागेच होता. केळीची वाडी, विहीर, विहिरीवर इंजिन, आणि वाडीभर फिरणारा मातीचा पाट. पाणी लावायचं काम तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं, फ्रेडरिकचं. सगळ्यात लांबच्या वाफ्यापासून सुरुवात करायची. तो झाला की पाटात मातीचा बांध घालून पाणी अलीकडच्या वाफ्यात वळवायचं, मग त्याच्या अलीकडच्या, असं करत करत विहिरीपाशी यायचं. क्लाराने हेच जसंच्या तसं पडद्यावर आणलं. वाफा कोरडा राहिला तर केळी सुकणार, तुंबला तर कुजणार. एक वाडी पार केली की दुसरी, ती पार केली की तिसरी. खेळाचं नाव 'पाटपाणी'. मुंबईतल्या एका छोट्या कंपनीने तो कॅसेटवर काढला, लेखक म्हणून 'सी. तुस्कानो' एवढंच छापलं, आणि थोड्याच दिवसांत ती कंपनीही बुडाली. खेळ कुणी फारसा घेतला नाही. ज्यांनी घेतला ते तिसऱ्या वाडीत अडकले आणि त्यांनी तो माळ्यावर टाकला. कॉम्प्युटरही पुढे बंद पडला. क्लारा शिकवायला लागली.

आणि आता बोळिंजमधला कौस्तुभ पाध्ये नावाचा एक तरुण इंजिनियर आपल्या फ्लॅटमध्ये जुन्या कॉम्प्युटरांच्या मांडणीपुढे बसून सगळ्या जगाला सांगत होता, "मित्रांनो, दुर्लक्षित खेळांमध्ये मला सापडलेलं हे सगळ्यात मोठं रत्न. लोकांनी याला न्याय दिला नाही. फक्त एक बग आहे. वाफा बंद केल्यावरही त्यात पाणी वाहतच राहतं, त्यामुळे तिसरी वाडी जिंकताच येत नाही. मी तो बग काढलाय. पुढच्या रविवारी जुन्या कॉम्प्युटरांच्या आमच्या मेळाव्यात दाखवतो, आणि मग हीच सुधारलेली आवृत्ती जुन्या खेळांच्या इंटरनेटवरच्या जागतिक संग्रहात जाईल. यापुढे लोक तीच खेळतील."

रत्न वगैरे क्लाराच्या कानात शिरलंच नाही. "फोन लाव त्याला," ती म्हणाली.

सी. तुस्कानो ही बाई आहे आणि ती आपल्यापासून रिक्षाच्या अंतरावर राहते, हे कळल्यावर कौस्तुभ एकदम इतका आनंदून बोलायला लागला की क्लाराला रागावणं अवघड गेलं. पण तिने जमवलं.

"तो बग नाही. तू वरून बांध घातलास तरी पाटात खाली उरलेलं पाणी कुठे जाईल? ते शेवटच्या वाफ्यातच उतरणार. म्हणून वाफा भरायच्या आधीच पाणी वळवायचं. पहिल्या दोन वाड्यांत पाट आखूड आहे, तिथे चालून जातं. तिसरीत पाट लांब आहे."

"टीचर, लॉजिक भारी आहे. पण मी तसंही खेळून बघितलं. नाही होत. आजवर कुणीच तिसरी वाडी पार केलेली नाही."

"मी केली आहे."

"कधी?"

"तुझ्या आईवडिलांचं लग्न व्हायच्या आधी."

कौस्तुभ हसला, पण माणूस सरळ होता. "मग रविवारी या आणि सगळ्यांसमोर करून दाखवा. तुम्ही तिसरी पार केलीत तर तुमचा मूळ खेळ जसाच्या तसा संग्रहात जाईल. माझा मी पुसून टाकीन."

"तुझा पुसायची तयारी ठेव," क्लाराने सांगितलं आणि फोन ठेवला.

मेळावा विरार पश्चिमेला एका सोसायटीच्या हॉलमध्ये होता. टेबलांवर जुने कॉम्प्युटर मांडलेले, सगळीकडे कॅसेटचं किंचाळणं, आणि ते ऐकून खूश होणारी माणसं. क्लारा जाळीची चांगली साडी नेसून, केसांत अबोली माळून गेली होती. कौस्तुभने तिची ओळख करून दिली तेव्हा टाळ्या पडल्या. त्याने आधी सुधारलेला खेळ तिच्यापुढे ठेवला. तिने तिसरी वाडी चहा संपायच्या आत पार केली. पुन्हा टाळ्या.

"हे नळाचं पाणी आहे," क्लारा म्हणाली. "बंद केलं की बंद. असं पाणी लावायला अक्कल लागत नाही. माझा लाव."

तिचा लावला. हिरवी वाडी, तपकिरी वाफे, निळा लांब पाट. तो पडदा पाहून तिला फार बरं वाटलं. पहिली वाडी झाली, दुसरी झाली. तिसरीत तिने लांबच्या वाफ्यात पाणी सोडलं, तो अर्धा भरला तसं ऐटीत अलीकडे वळवलं आणि उरलेलं पाणी उतरायची वाट पाहिली. पाणी उतरलंच नाही. म्हणजे उतरलं, पण घोटभर. वाफा अर्धा कोरडा राहिला आणि केळी माना टाकून पडल्या.

"एकदा होतं असं," ती म्हणाली. दुसऱ्या वेळी तिने जास्त वाट पाहिली. या वेळी पहिला वाफा जमला आणि पुढचा तुंबला. तिसऱ्या वेळी पुन्हा कोरडा. लोक टाळ्या वाजवायला हात वर धरून उभे होते, ते त्यांनी हळूच खाली घेतले. कुणी हसलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

"टीचर," कौस्तुभ हळू आवाजात म्हणाला, "इतक्या वर्षांनी... आणि तुम्ही तेव्हा एकटीने लिहिलात. एखादी चूक राहू शकते."

क्लारा उठली. "चूक खेळात नाही, माझ्या हातात आहे. कित्येक वर्षांत मी पाटाला हात लावलेला नाही आणि खेळाने ते ओळखलं. तू आठवडाभर थांब. आणि शनिवारी सकाळी आमच्या वाडीत ये. दुमडता येईल अशी पँट घाल."

सगळ्यांसमोर ती असं ताठ बोलली खरी. ब्रिटनीच्या स्कूटरवर मागे बसल्यावर मात्र तिला पहिल्यांदा भीती वाटली. तेव्हा जिंकले हे आपल्याला आठवतं, की आपण तसं धरून चाललो आहोत? कॉलेजातल्या मुलीने चूक केलेली असू शकते. शाळेत तिने तशा हजार चुका लाल शाईने गोल केल्या होत्या.

शनिवारी कौस्तुभ लॅपटॉप घेऊन वेळेवर हजर झाला. वाडी होती, केळी होती, पण पाट कधीच बुजला होता. आता सगळीकडे ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या. फ्रेडरिक कमरेवर हात ठेवून उभा.

"टीव्हीतल्या खेळासाठी माझी वाडी खणणार तू?"

"आपली वाडी," क्लारा म्हणाली.

"नळी तोडलीस एखादी तर नवीन तुझ्याकडून घेईन," असं म्हणत त्यानेच पहिलं फावडं मारलं. दोघा भावाबहिणींनी आणि त्या इंजिनियरने मिळून जुन्या जागी पाट उकरला. वाफे बांधले. कौस्तुभच्या हाताला फोड आले, ते त्याने मोठ्या अभिमानाने ब्रिटनीला दाखवले. मग मोटर सुरू केली.

पहिली पाळी त्याची. वाफा काठोकाठ भरेपर्यंत तो थांबला, मग घाईघाईने बांध घातला. वाफा फुटला आणि पाणी थेट फ्रेडरिकच्या चपलांवरून गेलं. "आलं का लक्षात?" क्लारा ओरडली. "बंद केल्यावरही येतंय ना? हा तुझा बग!"

"आलं, आलं!" कौस्तुभ चिखलात उभा राहून हसत होता.

पाट जरा सुकू दिला आणि दुसऱ्या बाजूचा, अजून पाणी न पाहिलेला फाटा क्लाराने घेतला. साडी खोचून ती पाटाशेजारी उभी राहिली. पाणी सुटलं. ते धावत येईल असं तिला वाटलं होतं, पण ते पावलापावलाला अडत होतं. पुढचा फेस मातीत शिरायचा, नाहीसा व्हायचा, मग मागचं पाणी त्याच्यावरून थोडं पुढे यायचं. क्लारा वाकून बघतच राहिली. मग ती तिथेच, ओल्या बांधावर, साडीनिशी बसली आणि मोठमोठ्याने हसायला लागली.

"काय झालं?" फ्रेडरिक घाबरून धावला.

"पाट पितो रे! आधी पाट स्वतः पितो! कोरडा असताना तो अर्धं पाणी गिळतो, मग मागे काय उरणार? म्हणून पहिला वाफा जवळजवळ पुरा भरायचा. पाट एकदा प्यायला की मग पुढच्या वाफ्यांचं पाणी लवकर वळवायचं. मी हे खेळात घातलंय! मीच घातलंय आणि मीच विसरले!"

कौस्तुभने तोंडावर हात ठेवला. प्रोग्रॅममध्ये पाटाच्या प्रत्येक चौकोनापुढे एक आकडा होता. तो कशासाठी आहे हे त्याला कधी कळलं नव्हतं. निरुपयोगी समजून सुधारलेल्या खेळातून त्याने तो काढून टाकला होता.

पाय न धुताच सगळी ओटीवर आली. लॅपटॉप उघडला. क्लाराने तिसऱ्या वाडीत लांबच्या वाफ्याला पाणी सोडलं आणि थांबली, आणखी थांबली, मग वळवलं. उरलेलं पाणी घोटभर उतरलं आणि वाफा नेमका भरला. पुढच्याचं पाणी तिने तो अर्धा भरल्यावरच वळवलं. तोही भरला. त्यापुढच्यांचं पाणी ती पडद्याकडे न बघता फ्रेडरिककडे बघून वळवत होती, इतका तिला आता हात आला होता. शेवटची केळ ताठ झाली, टिकटिक असं साधंसं संगीत वाजलं आणि चौथी वाडी आली. तिच्यात नारळ होते.

"नारळ आहेत!" कौस्तुभ ओरडला. "टीचर, चौथीत नारळ आहेत हे जगात कुणाला माहीत नाही!"

"मला माहीत होतं," क्लारा म्हणाली. ते खोटं होतं. नारळही ती विसरली होती.

त्याने तिच्यासमोरच आपली आवृत्ती पुसली. मूळ खेळ संग्रहात चढवताना त्याने विचारलं, "सोबत एक सूचना टाकू का? पाट पितो, वगैरे? नाहीतर लोक पुन्हा म्हणतील बिघडलेला आहे."

"म्हणू देत. मी कधी मुलांना उत्तर आधी सांगितलं नाही. फार अडले तर वाडीत या म्हणावं."

कौस्तुभने खरोखरच तेवढंच लिहिलं: अडलात तर वाडीत या, नंदाखाल. लोक अडले. त्यांनी शिव्या दिल्या, वाद घातले, कुणी पुन्हा बग बग केलं. ब्रिटनी ते सगळं मोठ्याने वाचून दाखवायची आणि क्लारा बटाटे सोलता सोलता प्रत्येकाला नापास करायची.

मग एका दुपारी ब्रिटनी वाचता वाचता थांबली. "आत्या, हे ऐक. स्पेनमधली कुणी बाई आहे. तिच्या आजोबांची संत्र्यांची बाग होती." आणि तिने सावकाश मराठीत सांगितलं: "सगळे म्हणतात हा खेळ बिघडलेला आहे, म्हणून मी उघडला. तिसरी वाडी मी पहिल्याच फेरीत पार केली. लहानपणी आजोबांबरोबर मी असंच पाणी लावायचे. आता तिथे बाग नाही, आजोबाही नाहीत. हा खेळ लिहिणारं माणूस अनवाणी पायांनी पाटात उभं राहिलेलं आहे, एवढं मला नक्की कळलं. ते माणूस अजून आहे का?"

क्लाराने सुरी खाली ठेवली. इतकी वर्षं ती सगळ्यांना ठणकावून सांगत आली होती की खेळ चांगला आहे, लोकांना कळला नाही. पण तो कुणाला कळला तर कसं वाटेल, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. ती ढसाढसा रडली. ब्रिटनीने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. तिने पाणी आणून दिलं आणि तिच्या शेजारी बसली.

मग क्लाराने पदराने तोंड पुसलं आणि तिचा आवाज पुन्हा वर्गातला झाला.

"लिही तिला. म्हणावं, आहे. आणि विचार, तुमच्याकडची माती किती पाणी पिते?"